सुप्याच्या बाजारांतील राख

१८७५ सालच्या मे महिन्याची १५ तारीख, वार शनिवार. पुणें जिल्ह्याचे मॅजिस्ट्रेट त्या दिवशीं सुपें या गांवीं येऊन पोंचले, तेव्हां तेथील रस्त्यांत राखेचे ढीग अद्याप तसेच पडलेले होते. जळालेलें असें घर एकच होतें. राख होती ती हिशेबाच्या वह्यांची, कर्जरोख्यांची, धान्याची आणि देशी कापडाची. डझनभर घरें फोडून आंतील चीजवस्तू रस्त्यावर आणून टाकलेली होती. पोलिसांनीं पन्नास माणसें धरलीं होतीं व दोन हजार रुपयांचा माल परत मिळविला होता. एकंदर नुकसान पंचवीस हजारांहून अधिक झालें असावें, असा अंदाज मॅजिस्ट्रेटसाहेबांनीं दुसऱ्या दिवशीं लिहिलेल्या आपल्या अहवालांत नमूद केला. आणि लगेच पुढें असेंहि लिहिलें कीं, सावकारांच्या म्हणण्याप्रमाणें हें नुकसान एक लाखाच्या वर आहे.

या दोन आंकड्यांत मोठी तफावत आहे. घर, धान्य आणि कापड यांची किंमत बाजारभावानें ठरवितां येते. पण जळालेल्या कर्जरोख्याची किंमत कोणत्या भावानें ठरवावयाची? कागदावर जो आंकडा लिहिला होता, तीच त्याची किंमत, असें सावकार म्हणेल. कूळ म्हणेल, आपण प्रत्यक्षांत जेवढे रुपये पदरांत घेतले, तेवढीच त्याची किंमत. आणि तीहि आपण केव्हांच फेडून चुकलों. दख्खनचे दंगे या नांवानें इतिहासांत जो उठाव प्रसिद्ध आहे, त्याचें मूळ या एका प्रश्नांत सांपडतें.

सुपें हें नांव महाराष्ट्राच्या इतिहासाला अपरिचित नाहीं. शहाजीराजांच्या पुणें-सुपें जहागिरीमुळें तें प्रत्येक शाळकरी मुलाच्या कानांवरून गेलेलें असतें. आज हें गांव बारामती तालुक्यांत आहे. त्या काळीं तें भीमथडी तालुक्यांत मोडत असे. भीमथडीचा मुलूख एके काळीं तट्टांसाठीं नांवाजलेला. परंतु सह्याद्रीच्या पायथ्यापासून दूर पडल्यामुळें पाऊस तेथें कमी, आणि तोहि लहरी. सुप्यास मोठा बाजार भरे. त्यामुळें दुकानदार आणि सावकार यांची वस्तीहि तेथें मोठी होती.

महाराष्ट्रानें बंडें पुष्कळ पाहिलीं आहेत. १८४४ सालीं कोल्हापूर संस्थानांत गडकरी उठले, तेव्हां त्यांच्या हातीं सामानगड आणि भुदरगड यांसारखे किल्ले होते. १८५७ सालीं उत्तर हिंदुस्थानांत जो वणवा पेटला, त्याच्या अग्रभागीं पलटणी, संस्थानिक आणि दिल्लीचा बादशहा होता. सुप्याच्या लोकांजवळ यांतलें कांहींच नव्हतें. त्यांच्यापाशीं किल्ला नव्हता, तोफ नव्हती, गादीवर बसवावयास राजा नव्हता. त्यांनीं सरकारी खजिना लुटला नाहीं, कीं सरकारी कचेरीवर हल्ला केला नाहीं. त्यांना हवा होता तो कागद. या कागदासाठीं साधी माणसें तुरुंगांत जावयास तयार झालीं. मग त्या कागदांत एवढें काय होतें, हें पाहिलें पाहिजे.

दख्खनचा शेतकरी इंग्रज आल्यावर प्रथमच कर्जबाजारी झाला, असें मुळींच नाहीं. पेशवाईंतहि तो सावकाराचा देणेकरी होता. परंतु त्या काळीं सावकाराला आपलें येणें वसूल करण्याच्या कामीं सरकारचें बळ सहसा मिळत नसे. त्यानें तगादा लावावा, फार झालें तर कुळाच्या दारांत धरणें धरावें, आणि अखेर तंटा पंचांपुढें न्यावा. पंच गांवचेच. कोणी किती घेतलें, किती दिलें, कोणाची दोन वर्षें दुष्काळांत गेलीं, हें त्यांना ठाऊक असे. शिवाय दामदुपटीचा जुना नियम सर्वमान्य होता : व्याज कितीहि सांचो, मुद्दलापेक्षां अधिक व्याज एके वेळीं मागावयाचें नाहीं. कुळावांचून सावकाराचा व्यापार नाहीं आणि सावकारावांचून कुळाचें बियाणें नाहीं, अशा परस्परांच्या गरजेवर हा संसार कसाबसा चालत होता.

१८१८ नंतर हळूहळू हें सगळें पालटलें. १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नवी पाहणी-जमाबंदी सुरू झाली. प्रत्येक शेताचा सारा तीस वर्षांसाठीं ठरला. तो रोख भरावयाचा, ठरलेल्या हप्त्यानें भरावयाचा. पीक येवो वा न येवो. ज्वारीचें कणीस भरण्यापूर्वींच हप्त्याची तारीख उभी राही, आणि शेतकरी सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसे. दुसऱ्या बाजूनें, शेत आतां विकतां येण्याजोगी मालमत्ता झाली होती. म्हणून तिच्या भरंवशावर सावकारहि पूर्वीपेक्षां सढळ हातानें पैसे देऊं लागला. कर्ज मिळणें सोपें झालें, याचाच अर्थ जमीन जाणेंहि सोपें झालें.

पुढें दोन कायदे आले. १८५५ सालच्या कायद्यानें व्याजाच्या दरावरील जुनी मर्यादा उठविली. १८५९ सालच्या मुदतीच्या कायद्यानें साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची ठरविली. हा दुसरा कायदा कुळाच्या हिताचाच समजला गेला होता. सावकारानें वर्षानुवर्षें व्याज सांचूं देऊं नये, वेळच्या वेळीं हिशेब मिटावा, हा त्याचा हेतु. परंतु व्यवहारांत त्याचें फळ उलटें आलें. मुदत संपत आली कीं सावकार कुळाला बोलावी आणि मुद्दल व थकलेलें व्याज मिळून जी रक्कम होई, तीच नवें मुद्दल म्हणून नव्या रोख्यावर लिहून घेई.

याचा हिशेब एकदां मांडून पाहावा. समजा, एका कुळानें शंभर रुपये दरमहा दर शेंकडा दोन रुपये व्याजानें घेतले आणि त्याला कांहींच फेडतां आलें नाहीं. तीन वर्षांनीं देणें झालें एकशें बहात्तर. नवा रोखा एकशें बहात्तरांचा. आणखी तीन वर्षांनीं दोनशें शहाण्णव. नऊ वर्षांनीं पांचशें नऊ. आणि बारा वर्षांनीं आठशें पंचाहत्तर. दामदुपटीच्या जुन्या रीतीनें हें देणें दोनशें रुपयांवर जातें ना. पण शेवटच्या रोख्यावर शंभराचा उल्लेख कोठेंच नसे. तेथें मुद्दल म्हणून मोठाच आंकडा असे, आणि त्याखालीं कुळाची निशाणी. मधल्या काळांत कुळानें दोन पोतीं ज्वारी घातली असली, एखादें खोंड दिलें असलें, तरी त्याची पावती त्याच्याजवळ नसे. सावकाराच्या वहींत ती जमा झाली कीं नाहीं, हें त्याला वाचतां येत नसे.

त्या निशाणीविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. महाराष्ट्रांतील अक्षरशून्य शेतकरी सहीच्या जागीं नांगराची निशाणी करीत असे. ज्या नांगरानें तो जमीन कसावयाचा, त्याच नांगराचें चित्र कागदावर काढून तो ती जमीन अडकवून घ्यावयाचा. वर काय लिहिलें आहे, हें लिहिणाराला ठाऊक आणि सावकाराला ठाऊक. कोर्टाला मात्र तेवढी निशाणी पुरे होती. सावकारानें फिर्याद लावली कीं समन्स निघे. कोर्ट तालुक्याच्या गांवीं, वाट लांबची, हातीं पैसा नाहीं, आणि जाऊन बोलावें तर कागद विरुद्ध. मग कूळ जातच नसे. बहुतेक दाव्यांत हुकूमनामे एकतर्फी होत. त्यामागून बेलिफ येई, जप्ती येई, लिलाव होई. आणि देणेकऱ्याला कैदेंत टाकण्याची भीतीहि असे. पंचांनीं जें विचारलें असतें, तें न्यायाधीश विचारीत नव्हता. कारण कायद्यानें त्याच्यापुढें फक्त कागद ठेविला होता.

अशा स्थितींत दख्खनला एक भरतीची लाट लाभली. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें आणि इंग्लंडच्या गिरण्यांना मिळणारा तिकडचा कापूस बंद पडला. त्यापूर्वीं इंग्लंडचा तीन-चतुर्थांश कापूस अमेरिकेंतून येत असे. आतां सगळ्यांची दृष्टि मुंबईकडे वळली. व्यापारी शहरच्या सावकाराला पैसा देत, तो खेड्यांतल्या सावकाराला देई, आणि तो शेतकऱ्याच्या दारीं येऊन कपाशीच्या एकरामागें शंभर शंभर रुपये उचल देऊं लागला. याच सुमारास आगगाडीचीं कामें चालू होतीं. बोर घाट फोडून १८६३ सालीं गाडी पुण्यास जोडली गेली. मजुरी मिळे, बैलगाड्यांना भाडें मिळे. थोड्या शेतकऱ्यांचीं घरें खरोखर सुधारलीं. पुष्कळांचीं कर्जें मात्र तेवढीं वाढलीं.

१८६५ सालीं अमेरिकेंतील युद्ध संपलें आणि लाट ओसरली. कापसाचे भाव पडले. व्यापाऱ्यानें हात आखडला, म्हणून सावकारानेंहि आखडला. नवीन उचल बंद झाली आणि जुन्या बाकीचा तगादा सुरू झाला. नेमक्या याच वेळीं तीस वर्षांची जुनी जमाबंदी संपून सरकारनें फेरजमाबंदी आरंभिली. तेजीच्या दिवसांतले भाव डोळ्यांपुढें ठेवून सारा कांहीं ठिकाणीं दीडपट, तर कांहीं ठिकाणीं दुपटीपर्यंत वाढविण्यांत आला. १८७० सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेनें रयतेच्या स्थितीची चौकशी करून या वाढीविरुद्ध आवाज उठविला होता. पण वाढलेला सारा भरावयाचा, त्यासाठीं कर्ज काढावयाचें आणि कर्ज तर कोणी देत नाहीं, अशा कैचींत सांपडलेल्या माणसाला अर्जावर अवलंबून राहण्यास सवड नव्हती.

पहिली ठिणगी पडली ती दंग्याची नव्हेच. १८७४ च्या डिसेंबरांत शिरूर तालुक्यांतील करडे या गांवीं काळूराम नांवाच्या मारवाडी सावकारानें बाबासाहेब देशमुख यांच्यावर दीडशें रुपयांचा हुकूमनामा मिळविला आणि देशमुखांचें राहतें घर पाडावयास सुरुवात केली. देशमुख हे गांवांतले मानी घराणें. दीडशें रुपयांसाठीं त्यांच्या घराच्या भिंती पडतांना गांवानें पाहिल्या. लोकांनीं काठी उचलली नाहीं. त्यांनीं एक ठराव केला : सावकाराशीं कोणी व्यवहार करावयाचा नाहीं. त्याचें शेत कोणी कसेना, न्हावी त्याची हजामत करीना, परीट त्याचे कपडे धुवीना, पाणी भरणारा त्याच्या दारीं जाईना. गांवांत राहणेंच त्याला अशक्य झालें. ही बातमी आसपासच्या गांवीं पसरली आणि ठिकठिकाणीं अशींच बंधनें घालण्यांत आलीं. गांवगाड्याची एकजूट हें जुनें शस्त्र होतें. तें पुन्हां हातीं धरून लोकांनीं पाहिलें.

परंतु बहिष्कारानें जुना रोखा फाटत नाहीं. नवे सौदे थांबले, तरी पेटींतला कागद पेटींतच राहतो आणि त्याचें व्याज चालूच राहतें. ही गोष्ट शेतकऱ्यांनीं पुढच्या पांच महिन्यांत ओळखली.

१२ मे १८७५, बुधवार, सुप्याचा बाजार. आजूबाजूच्या खेड्यांतून आलेले लोक एकत्र झाले आणि त्यांनीं सावकारांच्या घरांना वेढा दिला. त्यांची मागणी एकच होती : रोखे द्या, वह्या द्या. मिळाले ते कागद त्यांनीं रस्त्यांत ढीग घालून पेटवून दिले. धान्याचीं आणि कापडाचीं दुकानें लुटलीं गेलीं हें खरें; जमाव एकदां खवळला म्हणजे कोठें थांबावें याचें भान त्याला राहात नाहीं. सुप्याची वार्ता वाऱ्यासारखी पसरली. भीमथडी, शिरूर, आणि नदीपलीकडे त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतील पारनेर व श्रीगोंदे या भागांत एकामागून एक गांवें उठलीं. दोन महिन्यांत तिसांहून अधिक गांवीं असे प्रकार घडले.

या सर्व गांवांतून जी गोष्ट दिसून आली, ती विचार करण्याजोगी आहे. जेथें सावकारानें आपले कागद मुकाट्यानें काढून दिले, तेथें जमाव बहुधा तेवढ्यावर समाधान मानून परत गेला. जेथें त्यानें नकार दिला, तेथें दार फोडलें गेलें, गंजी पेटल्या, क्वचित् मारहाणहि झाली. त्या मारहाणीचें समर्थन कोणी करूं नये. परप्रांतांतून आलेल्या मारवाडी आणि गुजर सावकारांवर लोकांचा रोख विशेष होता, आणि त्यांत परक्याविषयींचा आकसहि मिसळलेला होता. सावकारांतहि भले लोक होते. आणि ज्या कायद्यानें त्यांना एवढें बळ दिलें, तो कायदा त्यांनीं केलेला नव्हता. परंतु एवढा मोठा प्रदेश पेटला असतां गंभीर इजेचे प्रकार फार थोडे घडले, ही गोष्ट सरकारी चौकशींतहि मान्य झाली. रागाचा विषय माणसापेक्षां कागद अधिक होता, याची याहून स्पष्ट साक्ष कोणती?

सरकारनें प्रथम सरकारी उपाय केले. लष्कराच्या तुकड्या आल्या, गांवोगांवीं पोलिस ठाणीं बसलीं. दोन्ही जिल्हे मिळून ९५१ लोकांना पकडण्यांत आलें आणि त्यांपैकीं ५०१ जणांना शिक्षा झाल्या. मुंबई सरकारला हें प्रकरण एवढ्यावरच मिटावें असें वाटत होतें. पण १८५७ ला अठराच वर्षें झालीं होतीं. शेतकऱ्यांचा असंतोष म्हणजे काय, याची आठवण कलकत्त्यास ताजी होती. हिंदुस्थान सरकारनें आग्रह धरला आणि चौकशीसाठीं आयोग नेमला गेला. आयोगानें गांवोगांव फिरून रयतेच्या व सावकारांच्या जबान्या घेतल्या, कोर्टांतलीं प्रकरणें तपासलीं, व्याजाचे हिशेब मांडले. त्याच्या अहवालानें मुख्य दोष सावकारी व्यवहाराच्या पदरीं घातला. सरकारी साऱ्याला दोषी ठरविण्याची त्याची तयारी नव्हती. ज्यानें नेमलें त्याच्या अंगावर डाग न येऊं देण्याची ही रीत नवी नव्हे. तरीहि त्या अहवालांत रयतेची जी कहाणी नोंदली गेली, ती कोणाला पुसून टाकतां आली नाहीं.

मधल्या काळांत १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ येऊन गेला. त्याच दुष्काळांत मराठी मुलुखांतून हिंडतांना लोकांची दैना पाहून वासुदेव बळवंत फडके यांचें मन पेटलें आणि १८७९ सालीं त्यांनीं उघड बंड पुकारलें. याच १८७९ सालाच्या अखेरीस दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा मंजूर झाला. तो पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू करण्यांत आला. दोन्ही घटना एकाच वर्षांतल्या आहेत, हें विसरतां येत नाहीं.

या कायद्यांतलें मुख्य कलम सुप्याच्या राखेंतून उगवलें होतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. शेतकऱ्याविरुद्ध कर्जाचा दावा आला असतां न्यायाधीशानें केवळ शेवटचा रोखा पाहून थांबूं नये. व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागें जावें. प्रत्यक्ष किती पैसे दिले, किती फिटले, मुद्दल कोणतें व व्याज कोणतें, याचा हिशेब स्वतः करावा, मग कागदावर कांहींहि लिहिलेलें असो. साध्या कर्जासाठीं शेतकऱ्याला तुरुंगांत टाकणें बंद झालें. जी जमीन गहाण लिहून दिलेली नाहीं, ती साध्या कर्जापायीं विकण्यास मनाई झाली. हप्ते बांधून देण्याची सोय झाली. दस्तऐवज गांवच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर, वाचून दाखवून व्हावेत. सावकारानें पावती आणि हिशेबाचा उतारा द्यावा. कोर्टापूर्वीं तडजोडीचा प्रयत्न व्हावा, अशीं कलमें घालण्यांत आलीं. म्हणजे पंच जें तोंडीं विचारीत असत, तें साठ वर्षांनंतर सरकारनें कायदा करून न्यायाधीशाला विचारावयास लावलें. आणि तें विचारावें म्हणून ज्या माणसांनीं कागद जाळले, तीं मात्र गुन्हेगार म्हणून शिक्षा भोगून चुकलीं होतीं.

या कायद्यानें शेतकऱ्याचें दारिद्र्य गेलें काय? नाहीं गेलें. सावकारी शहाणपण कायद्याच्या एक पाऊल पुढेंच चाललें. गहाणखताऐवजीं सरळ खरेदीखत लिहून घ्यावयाचें आणि पैसे परत केल्यास जमीन परत देऊं असा फक्त तोंडीं शब्द द्यावयाचा, अशी वाट निघाली. सारा तोच राहिला, पाऊसहि तोच राहिला, आणि नांगराची निशाणी करणारा हातहि बराच काळ तोच राहिला. कायदा न्यायाधीशाला कागदाच्या मागें पाहावयास सांगूं शकतो. पण कागदावर काय लिहिलें आहे हें ज्याचें त्याला वाचतां आलें नाहीं, तर त्याचें रक्षण दुसऱ्याच्या दयेवरच राहतें.

सुप्याच्या बाजारांत जे लोक जमले होते, त्यांच्यापैकीं फारच थोड्यांना त्या कागदांवरचीं अक्षरें लावतां येत असतील. कोणत्या रोख्यांत कोणाचें शेत अडकलें आहे, हें आगींत टाकतांना त्यांना ओळखतां आलें नसेल. म्हणून त्यांनीं सगळेच कागद एकत्र जाळले. त्यांत खऱ्या देण्याचे रोखेहि असतील. ज्याला वाचतां येतें, तो खोटा आंकडा खोडून काढण्याची मागणी करतो. ज्याला वाचतां येत नाहीं, त्याच्या हातीं काडीखेरीज कांहीं उरत नाहीं. पंचवीस हजार कीं एक लाख, हा मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढचा प्रश्न त्या राखेनें सोडविला नाहीं. पण तो प्रश्न विचारल्यावांचून न्याय होत नाहीं, एवढें तिनें सरकारला कबूल करावयास लावलें.